अण्णांचा अंदाज चुकला नव्हता

अण्णा,

काल तुमचं तेरावं झालं. पंगत उठता उठता देवळाचा उत्सव बघणारे बापू म्हणाले, "माणूस सोन्यासारखा हो. शेवटी शेवटी हात गेला होता त्याचा, अंदाज राहिला नव्हता, पण चाळीस वर्षं देवाची खीर केलीन, ती काय विसरायची?" आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ताकाचं भांडं घेऊन दोन पानं पलीकडे उभी होते. मला स्वच्छ ऐकू आलं. मी पुढच्या पानावर ताक वाढलं आणि आत निघून गेले.

उत्सव मंडळाच्या यंदाच्या पुस्तिकेत तुमच्यावर दोन पानं मी लिहावीत, असा निरोप आहे. जन्म कुठला, कोर्टात कारकुनी किती वर्षं, असं काही त्यांना हवं असणार. ते अविनाश लिहील. तुमचाच मुलगा आणि माझा नवरा, तारखा पाठ असतात त्याला. मला एकच गोष्ट लिहायची आहे. तुमचा हात गेला नव्हता. या कार्तिकात चार वर्षं होतील, उत्सवात आल्याचा सोडा कडू झाला तो माझ्यामुळे. तुम्ही साखरेऐवजीची गोडी घातली होतीत, तिच्यावर मी तेवढीच आणखी घातली, तुम्हाला न विचारता. आणि तुम्ही जाईपर्यंत ते तुम्हाला सांगितलं नाही.

लिहून टाकलं. आता जरा मोकळेपणाने बोलते.

तुम्हाला आठवत असेल, शेखर बोटीवरून सुट्टीला आला तेव्हा त्याच्या बॅगेतून चार छोट्या हिरव्या बाटल्या निघाल्या. तुमचा धाकटा मुलगा घरी यायचा तो नेहमी असलंच काहीतरी घेऊन. "अण्णा, तुमच्यासाठी. जिंजर बिअर." त्या शेवटच्या शब्दासरशी तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत. शेखर शपथा घालत होता की यात दारूचा थेंब नाही, नुसतं आलं आणि बुडबुडे. "मग नाव कशाला तसलं? आणि देवघराच्या कपाटात ठेवू नकोस हो त्या." मग भिंग घेऊन तुम्ही बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला बसलात, कोर्टातला कागद वाचावा तसे.

"लो कॅलरी म्हणजे काय गो सुलभा?"

"उष्मांक कमी. प्यायलं तरी अंगाला लागत नाही."

"म्हणजे शेखरला लावलेल्या शिकवणीसारखं."

शेखर इतका हसला की त्याच्या हातातली बाटली सांडली. उरल्या तीन.

तुम्हाला रक्तात साखर निघून वर्ष झालं होतं. आलेपाकाच्या वडीशिवाय ज्याची दुपार सरत नसे, त्या माणसाने एका दिवसात डबा रिकामा करून माझ्या हातात दिला आणि परत कधी विषय काढला नाही. कुरकुर केली असतीत तर मला बरं वाटलं असतं. आमच्या घाटावर माणसं कुरकुरतात, मग मोकळी होतात. तुम्ही कोकणातले, आत ठेवणारे.

मी तेव्हा नुकताच दापोलीला फळप्रक्रियेचा तीन महिन्यांचा वर्ग करून आले होते आणि मागच्या पडवीत कोकम आणि आवळ्याचं सरबत करून विकत होते. वर्गात शिकवलेलं सगळं मला घरी लावून बघायची हौस. म्हणून शेखरच्या बाटल्या नुसत्या पिऊ दिल्या नाहीत. कागद आखला. रंग, वास, बुडबुडे, चव, आणि घोट गेल्यावर तोंडात काय राहतं, असे पाच रकाने आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. दुपारचा चहा झाल्यावर पडवीत बसून आपण चौघांनी त्या तीन बाटल्या फुलपात्रांत ओतून घेतल्या. अविनाशने सगळीकडे आठ दिले, लवकर सुटावं म्हणून. शेखरने दहा दिले, आणल्या त्याने म्हणून. तुम्ही एक घोट घेतलात, डोळे मिटलेत, दुसरा घेतलात. रंगाला सात, वासाला सहा, बुडबुड्यांना नऊ. चवीच्या रकान्यात आकडा न घालता तुमच्या त्या कोर्टाच्या अक्षरात लिहिलंत: "आल्याचं नाव सांगतं. आलं नाही."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्याकडे नीट बघितलं, अण्णा. वर्गातल्या बाईंनी सहा पानं भरून जे शिकवलं होतं ते तुम्ही पाच शब्दांत सांगितलं होतंत. म्हटलं, या माणसाची जीभ मला मिळाली तर आणखी काही नको.

"आपण करू या," मी म्हटलं. "साखरवाल्या माणसाने उन्हाळ्यात प्यायचं तरी काय? कोकमात साखर, पन्ह्यात गूळ."

"करू," तुम्ही म्हणालात. इतक्या पटकन तुम्ही कधीच कशाला हो म्हटलं नव्हतंत. त्यावरून मला कळलं की रिकामा डबा तुम्हाला किती जड गेला होता.

अविनाशने एका बंद पडलेल्या दुकानातलं सोड्याचं मशीन आणून मागच्या पडवीत बसवलं. तुम्ही आल्याच्या मागे लागलात. घाटावरचं आलं दिसायला गुबगुबीत, पण पाणचट. आपल्या परड्यातलं बोटाएवढं, धाग्यांचं, सोलताना जीव नकोसा करणारं, पण घशाला धरणारं. तुम्ही म्हणालात, परड्यातलंच. मी म्हटलं, सोलायला तुम्ही बसणार असाल तर. तुम्ही खरंच बसलात. पंचा गुडघ्यावर, समोर वर्तमानपत्र, हातात शिंपला. सुरीने साल जाड निघते म्हणून शिंपल्याने खरवडायचं, हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. ते आजही मिटलेलं नाही, तुम्ही गेलात तरी.

तुम्ही चाखायला तयार होईनात. अर्क तुम्ही काढायचा, लिंबू तुम्ही पिळायचं, मीठ तुम्ही टाकायचं आणि चमचा पुढे केला की हात मागे. "मी करणारा. करणाऱ्याने चाखायचं नाही." मी म्हणायची, शेखरच्या बाटलीला गुण दिलेत तसे द्या. "ती मी केली नव्हती." मी म्हणायची, अण्णा, हे गिऱ्हाइकाला द्यायचंय, देवाला नाही. "पहिली खेप देवाची. आणि एकदा सवय मोडली की मोडली."

खरं सांगायचं तर मला हे काही नवीन नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत नैवेद्याची आमटी मी तळहातावर घेऊन चाखली होती आणि आई पातेल्याकडे बघतच राहिल्या होत्या. माहेरी आम्ही सगळं चाखत चाखतच करायचो. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालात, "दुसरी टाक. ही आपण खाऊ." एवढंच, आवाज न चढवता. जेवताना तीच उष्टी आमटी तुम्ही दोनदा मागून घेतलीत. त्या वेळी मी मान खाली घालून वाढत होते, पण माझ्या लक्षात आहे.

आणि तुमची खीरही मी बघितली होती. तीनशे पानांची गव्हाची खीर, कमरेएवढं भांडं, आणि तुम्ही सोवळं नेसून तोंड मिटून उभे. थुंकी उडू नये म्हणून करताना बोलायचंही नाही. गूळ घालताना नुसता रंग बघायचात, बुडबुडा फुटायला किती वेळ घेतो ते बघायचात. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. लोक म्हणायचे, अण्णांच्या हाताला जीभ आहे. पण मी हट्टी. मला कागदावर तुमचा रकाना रिकामा दिसला की संताप यायचा. साखरेऐवजी घालायच्या गोडीच्या पुड्या मी काट्यावर मोजून करायची, इतक्या लिटरला इतकी, कारण जास्त झाली की ती कडू लागते, आणि तुम्ही नुसते माझ्याकडे बघायचात. मला वाटायचं, तुम्हाला त्या पुडीतलं काही कळत नाही. गुळाचा माणूस, या पांढऱ्या पुडीची ताकद त्याला काय कळणार? दोन महिने तुम्ही माझ्या शेजारी बसून काय बघत होतात ते मला दिसलं नाही.

उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी पहिली खेप लावली. अठ्ठेचाळीस बाटल्या. वाडीत साखर निघालेली दहा-बारा माणसं तरी होती, प्रसाद म्हणून त्यांच्या हातात खिरीऐवजी काहीतरी पडेल, ही तुमचीच कल्पना. तुम्ही आंघोळ करून सोवळ्यात आलात आणि तोंड मिटलंत. मोजलेली पुडी मी टोपाशेजारी ठेवली होती, त्यापलीकडे गोडीची बरणी. तुळस आणायला तुम्ही परड्यात गेलात आणि मी आत आले. पुडी जशीच्या तशी होती.

विचारता येत नव्हतं, कारण तुम्ही बोलणार नव्हतात. चाखता येत नव्हतं, कारण चाखलं असतं तर सगळा टोप उष्टा झाला असता. मला वाटलं, विसरले. सत्तरी उलटली, विसरणारच. आणि विसरलात असं तोंडावर सांगून तुम्हाला वाईट वाटायला नको, म्हणून मी गुपचूप पुडी टोपात सोडली, डावाने हलवलं आणि कागद चुलीत टाकला. पुडी जागेवर नाही हे तुम्ही बघितलं असेल, तर मीच उचलून ठेवली असं समजला असाल. चांगुलपणा केला असं समजून मी पडवीत बाटल्या पुसायला बसले. इतकी हुशार मी.

दुसऱ्या दिवशी देवळात काय झालं ते वाडीला पाठ आहे. आरती झाली, नैवेद्य झाला, बाटल्या फोडल्या. पहिला घोट बापूंचा. त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं की ते खांबाआड गेले आणि परत येऊन म्हणाले, "अण्णा, देवाला काढा पाजलास काय रे?" सगळे हसले. मग एकेकाने घोट घेतला आणि हसू वाढत गेलं. तुम्ही पुढे होऊन एक पेला घेतलात, तो सगळा प्यायलात, एक थेंब न टाकता. मग हात जोडून म्हणालात, "मंडळी, माझा अंदाज चुकला. ओतून टाका."

मी बायकांच्या घोळक्यात हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होते. पाच पावलांवर. तेवढ्यातल्या तेवढ्यात मला कळून चुकलं होतं की काय झालं असणार. तोंड उघडलं नाही. का, ते स्वतःला मी पुष्कळदा विचारलंय. पहिल्याच दिवशी धंद्याचं हसं झालं होतं, आणखी त्यात माझं नाव नको होतं. शिवाय घाटावरच्या सुनेने देवाच्या टोपात हात घातला, हे चारचौघांत बोलायची भीती. आणि मनात असं की घरी गेल्यावर सांगू, घरातल्या घरात. त्याच दिवशी तुमच्या हातची खीर सगळ्यांनी दोन दोनदा मागून घेतली होती, ती तर अगदी नेहमीसारखी झाली होती. ते मात्र आता कुणालाही आठवत नाही.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा काय केलं, सांगू? बरणी काट्यावर ठेवली. खेपेच्या आदल्या संध्याकाळचं, माझी पुडी काढून घेतल्यानंतरचं वजन माझ्या वहीत होतं. त्यातून आताचं वजा केलं. तुम्ही चिमटीने काढून घातलेली गोडी माझ्या मोजलेल्या पुडीइतकीच भरली. काटा हललासुद्धा नाही. दोन महिने तुम्ही माझ्या हाताकडे बघून ते माप आपल्या बोटांत उतरवून घेतलं होतंत, आणि मी समजत होते की तुम्हाला काही कळत नाही. मी वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचंच असं ठरवून मी चहा घेऊन बाहेर आले, तर तुम्ही घरात नव्हतात. थोड्या वेळाने पाखाडीच्या पायऱ्या चढून आलात, वहाणा काढल्यात, आणि खांबाला टेकून बसलात.

"बापूला सांगून आलो."

"काय?"

"पुढच्या वर्षीपासून खिरीला दुसरा माणूस बघ म्हणून. देवाच्या भांड्यात चुकलेला हात परत घालायचा नाही."

"अण्णा," मी म्हटलं. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, देवाशपथ सांगते.

पण तुम्ही हात पुढे केलात. "तो तुझा चमचा दे गो. आणि कागद आण. आता अंदाजावर राहून चालायचं नाही."

दोन महिने मी ज्यासाठी भांडले ते तुम्ही आपण होऊन मागत होतात. मी चमचा आणून दिला. अण्णा, मी चमचा आणून दिला! आपण बनवलेलं पहिल्यांदा चाखताना तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत, कुणी बघू नये असं काही करताना माणूस करतो तसं. तरी मी पेन्सिल घेऊन रकान्यासमोर बसले.

पुढची तीन-साडेतीन वर्षं आपली फार चांगली गेली, हेही सांगायला हवं. तेच तर अवघड आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊन कुढत बसला असतात तर मी कधीच बोलून टाकलं असतं. तुम्ही तर रंगात आलात. सकाळी चूळ भरून, चहाच्या आधी, कोरड्या तोंडाने चाखायचं, हा नियम तुम्हीच केलात. दोन नमुन्यांच्या मध्ये चिमूटभर कुरमुरे, तोंड साफ व्हायला. तुमचे शेरे मी एका वहीत उतरवून ठेवलेत. "लिंबू पुढे पळतं, आलं मागे राहतं." "जिभेच्या शेंड्याला गोड, पुढे कुणी नाही." "बुडबुडे नाकात जातात, पोटापर्यंत पोचत नाहीत." एका खेपेला नुसतंच: "उगाच." सातच्या वर गुण कधी गेले नाहीत. मी चिडायची, म्हणायची की दापोलीच्या बाईंनी नऊ दिले असते. "मग त्यांना विक," तुम्ही म्हणायचात.

पुडी अर्ध्यावर आणायची आणि उरलेल्या जागी जराशी खरी साखर घालायची, म्हणजे मागाहून येणारा कडवटपणा जातो, हे तुमच्या जिभेने शोधलं. सालासकट आलं ठेचून रात्रभर मुरवायचं, हेही तुमचंच. आज आपला सोडा औषधाच्या दुकानांत ठेवतात आणि माणसं पथ्याचं म्हणून नाही, आवडतं म्हणून नेतात. तो सोडा तुमचा आहे. आणि तो माझ्या खोटेपणावर उभा आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

कार्तिक आला की मला घर नकोसं व्हायचं. खिरीच्या दिवशी तुम्ही सकाळपासून घरापुढच्या खळ्यात फेऱ्या घालायचात. देवळाकडून धूर यायचा, मग वास. तुम्ही मान वर करून उभे राहायचात आणि स्वतःशीच म्हणायचात, "गूळ लवकर घातलान." एकदा अविनाश म्हणाला, जाऊन सांगा ना मग त्यांना. तुम्ही म्हणालात, "मी कोण सांगणार?" शेवटच्या पंगतीला जाऊन गप जेवून यायचात. मी त्या दिवशी तुमच्या डोळ्याला डोळा देत नसे. तुम्हाला वाटायचं, माझं डोकं दुखतंय.

एकदा सांगायच्या अगदी काठावर आले होते. दापोलीला प्रदर्शन होतं, आपण दोघं सोडा घेऊन गेलो होतो. परतताना खेडला गाडी बदलली आणि लोट्याच्या कारखान्यांपाशी पाळी सुटली होती, कामगारांच्या बसच्या रांगेत आपली एस.टी. अडकली. रिकाम्या बाटल्यांचं खोकं तुमच्या पायाशी होतं. लोकांनी चाखून चांगलं म्हटलं होतं, तुम्ही खुशीत होतात. खिडकीबाहेर बघत म्हणालात, "हात गेला ना गो, तेव्हा मला वाटलं, आता आपलं काही राहिलं नाही. सकाळी उठून करायचं काय, असं झालं होतं. तू चमचा दिलास. म्हातारपणी चाखायला शिकलो तुझ्यामुळे."

आभार मानायची पद्धत नाही आपल्या घरात. तुम्ही माझ्या स्वयंपाकाला सोळा वर्षांत एकदाही चांगलं म्हटलं नव्हतंत. आणि म्हणालात ते हे. अशा वेळी कसं सांगायचं की हात गेलाच नव्हता? सांगितलं असतं तर तुम्हाला खीर परत मिळाली असती, पण त्या एका वाक्यातली मी मेले असते. मला तुमची ती सून राहायचं होतं. म्हणून मी म्हटलं, "अण्णा, खिडकी बंद करू का? वारं लागेल." तुम्ही म्हणालात, असू दे. गाडी सुटली.

आणि मग हा भाद्रपद. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आजारपण लांबलं असतं तर मी उशाशी बसून सांगितलं असतं, असं मी या तेरा दिवसांत स्वतःला पुष्कळदा सांगितलं. आज सकाळी तेही थांबवलं. नसतंच सांगितलं.

अविनाशला पहाटे उठवून सांगितलं. तो अंथरुणावर उठून बसला. मग म्हणाला, "आता कशाला? अण्णा गेले. कोणाच्या लक्षात आहे ते?"

"बापूंच्या आहे. काल पंगतीत म्हणाले."

त्याने उठून दाराची कडी काढली. "जा मग," म्हणाला. "मी येऊ?" मी नको म्हटलं.

बापू खळ्यात सुपाऱ्या सोलत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पुडी, चुलीत टाकलेला कागद, वहीतलं वजन. मधे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. ते आधी सोलतच राहिले, मग हात थांबले. मला वाटलं, आता मला बोलतील. मी त्यासाठीच गेले होते.

"काढा पाजलास काय, असं मीच म्हटलं होतं गो," ते म्हणाले. "सगळे हसले ते त्यावर."

त्यांनी परत एक सुपारी उचलली.

"मग दोनदा आलो होतो त्याला बोलवायला. तुमच्या खळ्यातच उभा होतो. म्हटलं, ये रे, कोण चुकत नाही? दोन्ही वेळा तेच म्हटलं मी. कोण चुकत नाही." त्यांनी सुपारी खाली ठेवली. "न चुकलेल्या माणसाला मी माफी द्यायला आलो होतो."

ते रडायला लागले, अण्णा. बापू! त्यांच्या सुनेने दारातून डोकावून बघितलं आणि आत गेली. मी तिथेच चिऱ्याच्या पायरीवर बसले. मला रडू आलं नाही, ते नंतर घरी आल्यावर आलं, आल्याच्या टोपलीपाशी. थोड्या वेळाने त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "मला एकट्याला सांगून नाही भागायचं हो. सगळे हसले होते. सगळ्यांना सांग."

म्हणून हे लिहिलं. मंडळाला सांगितलंय, एक शब्द न बदलता छापा, आणि उत्सवात आरतीनंतर मी ते वाचूनही दाखवणार आहे, त्याच जागी उभी राहून. लोक काय म्हणतील ते म्हणोत. बापू बहुतेक मला माफ करतील, अविनाशने केलंच आहे. पण ती माफी त्यांच्याकडे नव्हती मागायची. ज्याच्याकडे मागायची तो माणूस जवळजवळ चार वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी माझ्यासमोर बसत होता, कोरड्या तोंडाने, चमच्याची वाट बघत.

अण्णा, तुमच्या हाताचं काहीही बिघडलं नव्हतं. मी एक वाक्य बोलले असते, तर त्या तिन्ही कार्तिकांत देवाची खीर तुमच्याच हातची झाली असती.